वशिंडाचा घोडा

आमच्या अंगणात एक लढाई कायम मांडलेली असायची. कोंबड्यांनी ती विस्कटू नये म्हणून माय तिच्यावर जुनं लुगडं पांघरून ठेवायची, आणि आभाळ भरून आलं की आम्ही तिघं मिळून ती उचलून ओसरीत आणायचो. साठ-एकसष्टच्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही आर्णीला राहत होतो. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, तेवीस वर्षांची होते आणि माझं लग्न व्हायचं होतं. शेवटचं एवढ्यासाठी सांगते, की आळीतल्या बायकांना त्या लढाईपेक्षा माझ्या लग्नाचीच काळजी जास्त होती. लढाईचं मी रंगकाम करते हे कळल्यावर तर त्यांनी हातच टेकले.

लढाई बाबांची होती. बाबा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. ब्रह्मदेशाच्या जंगलात लढून आले, परत येऊन घर बांधलं, छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर कोनाड्यातले देव निघाले, भिंतीला चुना लागला आणि तिथं बुद्धाची लहानशी मूर्ती आली. त्याच कोनाड्याच्या खालच्या फळीवर बाबांनी आपले लाकडी सैनिक ओळीनं उभे केले. मायला हे काही पटत नसे.

"वरतं शांती अन् खालतं लढाई," ती म्हणायची. "कुठं फेडसान हे?"

"खालचे कोणाले मारत नाईत," बाबा म्हणायचे. "लाकडाचे हायेत ते."

या लढाईचं मूळ असं. पलटणीत अधिकारी लोक वाळूत डोंगर, नद्या, गावं मांडून जुन्या लढाया समजावून सांगत. अशा एका तासाला साहेबानं मांडलेली लढाई निघाली वऱ्हाडातली, सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची. एका बाजूला इंग्रजांची फौज, दुसऱ्या बाजूला नागपूरकरांची. नागपूरकरांचा सेनापती हरला. साहेब म्हणाला, हरणारच होता. त्या सगळ्या वर्गात वऱ्हाडचे एकटे बाबाच. ते उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, हा नाल्यामागंच थांबला असता तर? साहेब म्हणाला, होऊन गेलेलं बदलत नसतं, बस खाली. बाबा बसले, पण तो प्रश्न काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. आपल्या मातीतला माणूस हरला याचं त्यांना तितकंसं दुःख नव्हतं. त्याला कोणी थांब म्हणणारं भेटलं नाही, याचं होतं.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोडक्या दाराची एक फळी विटांवर आडवी ठेवली, तिला कडेनं पट्ट्या ठोकल्या आणि चाळणीनं चाळलेली काळी माती तिच्यात भरली. नाला चुन्याच्या रेघेनं काढला. झाडं म्हणजे तुराटीचे तुकडे, गावं म्हणजे काड्यापेट्या. सैनिक म्हणजे सुताराकडून आणलेल्या सागवानी खुंट्या, करंगळीएवढ्या. खेळायचे नियमही त्यांचेच. पायदळ एका पाळीला एक वीत चालेल, घोडदळ दोन वीत, बैलांच्या तोफा अर्धी वीत. कोण मेला, कोण वाचला हे पाच कवड्या टाकून ठरायचं. आणि सगळ्यात मोठा नियम त्यांनी एका पुठ्ठ्यावर माझ्याकडून लिहवून घेतला होता: वर्दीशिवाय सिपाई मैदानात उतरणार नाही. म्हणजे खुंटी रंगवलेली नसेल तर ती खेळात नाही.

रंगवायचं काम अर्थातच माझं. शाळेत असताना ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा मी पास झाले होते आणि त्याचा मला नको इतका तोरा होता. दोन वर्षांत मी दोन्ही बाजूंची फौज रंगवून दिली. गेरू, नीळ, चुना, काजळ, शेंदूर, सगळं बाभळीच्या डिंकात कालवायचं. कुंचला मी घरी करायचे, शेळीच्या कानामागचे मऊ केस ज्वारीच्या बारीक धांड्याला दोऱ्यानं बांधून. दुकानातल्या कुंचल्याला असं टोक येत नाही, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन.

इंग्रजांच्या बाजूनं खेळायला दर रविवारी जवळच्या बंजारा तांड्यावरून नायक यायचे. नायक म्हणजे तांड्याचे मुखिया, बाबांच्याच वयाचे, कानात चांदीच्या बाळ्या, डोक्याला भलंमोठं पागोटं. दोघांची ओळख बाजारात एका बैलजोडीवरून भांडताना झाली होती आणि तेव्हापासून दोघं भांडतच होते. इंग्रजांची बाजू घ्यायला त्यांना काही वाटायचं नाही. "माह्या आज्याच्या आज्यानं दोन्ही फौजांले धान्य पोचवलं," ते म्हणायचे. "आमाले कोण आपला अन् कोण परका?" पूर्वी त्यांच्या लोकांचे बैलांचे तांडे मालानं लादून मुलुखभर फिरत. त्या लदेणीच्या गोष्टी ते सांगायला लागले की बाबा कवड्या हातात धरून तोंड उघडं ठेवून ऐकत बसायचे आणि आपली पाळी विसरायचे.

तर फौज तयार झाली होती. राहिला होता फक्त नागपूरकरांचा सेनापती. तो खुंटीचा चालणार नव्हता, घोड्यावर बसलेला हवा होता. आणि सेनापतीवाचून ती खरी लढाई खेळायची नाही, असं बाबांनी ठरवलं होतं. तोवर दोघे म्हातारे लहानसहान चकमकी खेळायचे. घाई कोणालाच नव्हती.

मग त्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबा जेवताना ताटाशेजारी हात फिरवायला लागले. पाण्याचा गडू समोर असून सापडेना. दाराच्या चौकटीला दोनदा खांदा लागला. मी त्यांना एस.टी.नं यवतमाळला दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं दोन्ही डोळे बराच वेळ पाहिले आणि मला बाहेर न बोलावता बाबांनाच सरळ सांगितलं, की हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, आणि राहिलेली जाणार. थेंब घालत राहा. उन्हाळ्यापर्यंत टिकेल, कदाचित टिकणार नाही.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. बराच वेळ कापसाची शेतं पाहत होते. बंदुकीच्या नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, कडेचं काही दिसत नाही, असं त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाले, "बाई, एक काम कर. तो सेनापती तेवढा उभा कर. ही लढाई मले माह्या डोयानं पाह्यची हाय. एकदाच. मंग गेले डोये तं जाऊ दे."

मी हो म्हटलं. एवढंच काम होतं, आणि ते माझ्या हातातलं होतं.

सुतारकाकांकडे गेले. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी नेतात, तो तान्हा पोळा. ते बैल करण्यात या काकांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. घोडा म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, "दोन दिवसांत घेऊन जाय, मास्तरीणबाई."

दोन दिवसांनी गेले तर घोड्याला वशिंड होतं. त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारला आणि दुसरा करायला घेतला. त्यालाही वशिंड. तिसऱ्याच्या वेळी मी समोर बसून राहिले. मान झाली, आयाळ झाली, आणि पाठीकडं वळताना त्यांच्या पटाशीनं आपोआप तिथं उंचवटा सोडला. मी ओरडले तोवर गळ्याखाली बैलाची लोंबती पोळीसुद्धा सुटली होती.

"घोडा कसा असते, मले मालूम नाई काय?" काका अगदी रडकुंडीला आले. "तीस वर्ष बैलच केले, बाई. डोकं सांगते घोडा, हात ऐकतच नाई."

बाकी काम मात्र अप्रतिम होतं. अंगठ्याएवढा सेनापती, ताठ पाठ, फेट्याचा पीळसुद्धा मोजून घ्यावा असा. वशिंड तासून टाकावं म्हटलं तर लगाम धरलेला हात नेमका त्याच्यावर टेकलेला. वशिंड गेलं असतं तर हातही गेला असता. मी तसाच घरी घेऊन आले.

त्या रविवारी नायकांनी तो तळहातावर घेतला, फिरवून पाहिला आणि आनंदानं ओरडले, "हवालदार, ई बळद छ!" आनंद झाला की ते आपल्या बोलीवर जायचे. बळद म्हणजे बैल.

"घोडा हाय," बाबा म्हणाले.

"वशिंडाचा घोडा माह्या बापानं नाई पाह्यला. बैल हाय. बैलाच्या चालीनं चालंल. अर्धी वीत."

"सेनापती बैलावर बसते काय?"

"तुमचा बसला ना!"

माय ओसरीत तोंडाला पदर लावून हसत होती. पण म्हाताऱ्यांचं हसण्यावारी गेलं नाही. दोन वीत की अर्धी वीत यावरून दोघांचं असं बिनसलं, की पुढचे दोन रविवार नायक आले, गुळाचा चहा प्याले आणि लढाईवरचं लुगडंही न काढता निघून गेले. बाबा नुसते बसून राहिले. मला दोघांचाही भयंकर राग आला. एक रविवार म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आणि मी मनाशी ठरवलं, की हा घोडा असा रंगवायचा की नायकांनी आपल्या तोंडानं त्याला घोडा म्हटलं पाहिजे.

इथंच मी चुकले. आता सांगताना एका वाक्यात सांगते, पण तेव्हा ती चूक मी फार मन लावून केली.

उंचवटा रंगानं झाकता येतो. वर उजेड पडतो तिथं गडद रंग द्यायचा आणि खाली सावली असते तिथं फिकट, म्हणजे डोळा फसतो आणि फुगलेलं सपाट दिसतं. वशिंडावरून मी खोगिराच्या खालचं कापड ओढलं, निळं, त्याला लाल काठ, काठावर मोहरीहून लहान बुट्ट्या. बुट्ट्या चढाच्या बाजूला जवळजवळ काढायच्या, उताराला लांब लांब. गळ्याखालची पोळी काळ्यात बुडवून टाकली. शाळा सुटली की बोरीच्या झाडाखाली बसायचं आणि ऊन असेतो काम करायचं. पटलं नाही की अर्ध्या ब्लेडनं सगळं खरवडून काढायचं. असं मी एकदा नाही, चारदा खरवडलं. माझा स्वभावच तसा, स्वयंपाकात भाकरीला जरा भेग पडली तरी मी तो गोळा पुन्हा मळायला घ्यायचे.

"इतक्या दिवसांत तं नवरदेव सापडला असता," माय म्हणायची.

आणि बाबा रोज विचारायचे, "झाला काय, बाई?"

"थोडं राहिलंय."

"कसाही रंगव. पण लवकर रंगव."

एकदा मी ताडकन म्हणाले, "कसाही रंगवायचा होता तर माझ्याकडं कशाला दिला? सुतारकाकांनीच फासला असता की." ते वाक्य मला इतक्या वर्षांनी अजूनही परत घ्यावंसं वाटतं.

पौष गेला, माघ लागला. एका शनिवारी सकाळची शाळा करून आले आणि सेनापतीचा फेटा मला पटेना. तो लाल मला शेंदरी वाटत होता. ब्लेड घेतलं आणि फेट्याचा सगळा रंग काढून टाकला, अगदी कोरं सागवान दिसेपर्यंत. तेवढ्यात बाबांनी खाटेवरून हाक मारली, "आण वं पाहू इकडे, काय केलं ते." मला लाज वाटली. उघड्या डोक्याचा सेनापती त्यांच्या हातावर ठेवला आणि काहीतरी सबब सांगणार होते.

बाबांनी तो उन्हाकडं धरला. डोळे बारीक केले. इकडून तिकडून फिरवला. मग त्यांचा चेहरा खुलला.

"वा, बाई, वा! फेटा काय शोभला! लाल पायजे तं असा, कुंकवावानी."

मी जागच्या जागी उभी राहिले. त्यांनी सेनापती परत दिला, मी घेतला. खोगिरावरच्या बुट्ट्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण बुट्ट्यांबद्दल मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. फेटा लाल करणार आहे हे मात्र आठवडाभर मी घरभर सांगत होते.

मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर जाऊन बसले आणि रडले. माय आली. काय झालं ते मी तिला सांगितलं. तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही.

"महिना झाला त्याहीले धड दिसत नाई," ती म्हणाली. "बारीक तं काहीच नाई. मले म्हणे, तिले सांगू नोको. पोरगी एवढं मन लावून करून राह्यली, तिचा हिरमोड होईल म्हणे."

म्हणजे मी ज्यांच्यासाठी बुट्ट्या काढत होते ते माझ्या बुट्ट्यांसाठी मुकाट्यानं आंधळे होत बसले होते. मला बाबांचा राग आला, मायचा आला आणि मग फक्त माझाच आला. ते कसाही म्हणत होते आणि मला नायकांना जिंकायचं होतं. त्या दुपारी मी जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी मायनं अंगणात काळं घोंगडं अंथरून त्यावर तुरीची डाळ वाळत घातली. मी उंबऱ्यावर बसून बाबांकडं पाहत होते. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून असेल, पण त्यांना चालताना मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. ते खाटेवरून उठले, काठी टेकत निघाले. वाटेत मातीची घागर होती. तिला काठी लागली, पाणी सांडलं, ते दचकले. पुढं ते घोंगडं. मी ओरडणार तोच बाबा थांबले, काठी डावीकडं टाकली आणि घोंगड्याला वळसा घालून दाराशी आले.

"बाबा," मी विचारलं, "डाळ दिसली?"

"पिवयी हाय ना," ते म्हणाले. "कायावर पिवयं दिसते. बाकी सगयं राखेवानी झालं." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते घाईघाईनं म्हणाले, "तुहा सेनापती दिसते. तो दिसते मले चांगला."

"हो," मी म्हटलं.

डाळीचा ढीग दिसतो म्हणून अंगठ्याएवढा पुतळा दिसेल, असं काही नव्हतं. पण ती काळी माती तर आमच्या लढाईतही होती. मी सेनापतीचा फेटा त्याच संध्याकाळी रंगवून पुरा केला, चांगला लाल. का केला कोण जाणे. काम अर्धवट टाकवेना. दुसऱ्या दिवशी शाळेतून तशीच सुतारकाकांकडे गेले. तान्ह्या पोळ्याच्या बैलांच्या शिंगांना ते भडक पिवळा तेलरंग देत, त्याचा डबा त्यांच्याकडं असायचा हे मला माहीत होतं.

काकांनी आधी सेनापती पाहायला मागितला. आतल्या अंधारात नाही, दारात येऊन उन्हात पाहिला. वशिंडाच्या जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा डोळ्याजवळ नेला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "घोडाच झाला की वं हा! मी केला तरी मले बैल दिसत नाई आता."

इतक्या दिवसांच्या कामाला मिळालेली तेवढी एकच शाबासकी. ज्याच्या हातून वशिंड सुटलं होतं त्याच्याच तोंडून ती मिळाली आणि मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग मी त्यांना शिंगांच्या रंगाचा डबा मागितला.

"कायले?"

"याला बुडवायचंय. नखशिखांत."

काकांनी डबा पाठीमागं नेला. लहान पोराच्या हातून विळा काढून घ्यावा तसा. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मी बाबांच्या डोळ्यांचं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग खाली बसले, काडीनं डबा ढवळला आणि माझ्यासमोर सरकवला. मी घोड्याच्या पायाला दोरा बांधला आणि सेनापती उलटा धरून रंगात सोडला. निळं खोगीर गेलं, बुट्ट्या गेल्या, लाल फेटा सगळ्यात शेवटी गेला. वर काढला तेव्हा डोक्यापासून खुरापर्यंत एकच पिवळा. आणि एकाच रंगाचा झाल्यावर वशिंड पुन्हा जिथल्या तिथं, स्वच्छ, टपोरं. कोणीही पाहून बैलच म्हणेल.

"रविवारपर्यंत वायीन रंग," काका म्हणाले आणि त्यांनी तो खिडकीतल्या खिळ्याला टांगला.

रविवारी मायनं लढाईवरचं लुगडं काढलं. मी सगळ्या खुंट्या मांडल्या, चुन्याचा नाला नव्यानं ओढला. फळी सकाळच्या उन्हात आणून ठेवली, कारण बाबांना आता ऊनच लागायचं. नायक आले. त्यांना मी फाटकाशीच गाठणार होते, पण ते सरळ आत शिरले आणि फळीपाशी उभे राहिले. सेनापती नाल्यामागं उभा होता. नायकांनी तो पिवळा रंग पाहिला. मग बाबांकडं पाहिलं, ते कवड्या चाचपत होते. मग माझ्याकडं. आम्हां कोणाला काही सांगावं लागलं नाही.

नायकांनी खाकरून घसा साफ केला. "हवालदार," ते म्हणाले, "माह्यं चुकलं. घोडाच हाय हा. दोन वीत चालू द्या."

असे शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडायला काय लागलं असेल, ते मला त्यांच्या मानेवरून दिसलं. पण बाबांनी हात पुढं केला, सेनापती मागून घेतला, आणि त्यांच्या बोटांना क्षणात ते वशिंड सापडलं. ते पोटभर हसले. गेल्या दोन महिन्यांत तसे हसले नव्हते.

"नाई, नायक. बैल हाय. अर्धी वीतच चालंल. त्याले नाल्यामागं थांबायचं हाय, पयाले कुठं जायचं हाय?"

लढाई सुरू झाली. इंग्रजांच्या खुंट्या वीत वीत पुढं येऊ लागल्या. नायक मोठ्यानं सांगत होते, किती पुढं, कोणत्या गावापाशी, आणि बाबा आपल्या खुंट्या चाचपून, मोजून हलवत होते. कवड्या पडल्या की मी आकडा सांगायचे. माय डाळ निवडायचं सोडून येऊन बसली होती. बाबा फळीवर इतके वाकले होते, की नाकाला माती लागावी.

"दिसते काय?" मायनं हळूच विचारलं.

"दिसून राह्यला ना," बाबा म्हणाले. "मस्त दिसून राह्यला."

माय माझ्याकडं पाहायला लागली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. उघड्या लाकडाच्या फेट्याला कुंकवावानी म्हणणारा माणूस हा. अशाच खुललेल्या चेहऱ्यानं म्हणाला होता. त्यांना दिसलं नसतं तरी ते हेच बोलले असते, हे मला आता पक्कं ठाऊक होतं, आणि विचारून काही उपयोग नव्हता. सगळं केलं, चांगलं होतं ते बुडवलं, तरी मला कधीच कळणार नाही, असं मनात आलं. मी कामाला लागले. नायकांचं घोडदळ नाल्यापाशी आलं होतं आणि नेमकं अंतर मोजायला सुतळी हवी होती. मी सुतळी घेऊन बाबांच्या आणि उन्हाच्या मधून फळीवर वाकले.

बाबा एकदम खेकसले. पलटणीत खेकसत असतील तसे.

"अवं, बाजूले सरक ना! तुह्या सावलीत गेला तो!"

माझ्या हातातली सुतळी खाली पडली. मी मागं सरकले. सेनापतीवर पुन्हा ऊन आलं, आणि बाबांनी हात लांब करून, कुठं न चाचपता, त्याला बरोबर उचललं आणि अर्धी वीत पलीकडं, नाल्यामागंच, ठेवलं.